अडायची जागा

“काका, इथे ऐका. कुणीतरी कुजबुजतंय.”

जुन्या नाटकांचा इतिहास गोळा करणाऱ्या चष्मेवालीने टेप थांबवली, थोडी मागे नेली आणि पुन्हा सुरू केली. कुजबुजे हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसले होते. पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका रविवारी कुणीतरी खोकलं, कुणाची तरी खुर्ची करकरली, आणि मग राजांचा तो कमावलेला खर्जातला आवाज आला, “हे दुसरं तिकीट. चल माझ्याबरोबर.” त्यानंतर शांतता. एक, दोन, तीन, चार. मग बाजूने कुठून तरी, कागदावर कागद घासावा इतक्या बारीक आवाजात कुणीतरी म्हणालं, “नको. माझं घर इथे आहे.” आणि लगेच तेच शब्द समोरच्या नटाच्या, ऑपरेटरच्या तोंडून आले, मोकळे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारे. “नको. माझं घर इथे आहे.”

कुजबुज्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ऑपरेटरला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याचा आवाज असा थेट कानात येणार, याची त्यांनी सकाळपासून मनाची तयारी केली होती, खिशात दोन रुमाल घातले होते. पण रडू यायच्या आधी ती जुनी, ओळखीची तिडीक डोक्यात गेली आणि रुमाल खिशातच राहिले.

“ही कुजबुज म्हणजे तुम्हीच ना?” चष्मेवालीने विचारलं.

“मीच. काढून टाक ती.”

तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. कुजबुजे गंमत करत नव्हते. त्यांनी तिला गंभीरपणे समजावलं की प्रॉम्प्टर नटाला ऐकू गेला पाहिजे आणि पहिल्या रांगेला ऐकू जाता कामा नये. पहिल्या रांगेला ऐकू गेला तर तो प्रॉम्प्टर नव्हे, बाजारात भाव ओरडणारा. टेपवाल्याने त्या दिवशी माइक विंगेजवळ टांगला, त्याला ते काय करणार? पण जगाला ऐकवायची ती गोष्ट नाही. चष्मेवाली म्हणाली की काढता येईल, शांतता तेवढीच राहील आणि फक्त कुजबुज जाईल. मूळ टेप कपाटात आहे तशीच ठेवू, प्रदर्शनात साफ केलेली लावू. पण तिला ती कुजबुज आवडली होती, असंही ती म्हणाली.

तिने त्या प्रवेशाचा मजकूर टाइप करून ठेवला होता. त्यात कंसात ‘विंगेतून कुजबुज’ असं होतं. कुजबुज्यांनी शर्टाच्या खिशातलं लाल पेन काढलं आणि त्या दोन शब्दांवर सरळ रेघ मारली. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला हात होता तो, रेघ जरासुद्धा हलली नाही. खोडलेला शब्द परत हवा असेल तर त्याच्याखाली टिंबांची ओळ द्यायची, म्हणजे खिळे जुळवणारा जुळारी समजतो की आहे तसं असू दे. अशी टिंबं कुजबुज्यांना जन्मात फार वेळा द्यावी लागली नव्हती, आणि याचा त्यांना अभिमान होता.

प्रॉम्प्टरच्या इभ्रतीचं त्यांनी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण खरं कारण निराळं होतं. कुजबुजे राजांवर जळत होते. आज नाही, काल नाही, चांगली चाळीस वर्षं जळत होते आणि अजून राख झाली नव्हती.

कुजबुजे हे त्यांचं आडनाव नव्हे. नाटक मंडळीने ठेवलेलं नाव ते, आणि पुढे छापखान्यातसुद्धा तेच चिकटलं. राजे एका जुन्या नाटकात एकदा राजा झाले होते आणि त्यानंतर सिंहासनावरून उतरायचं विसरले. पोटासाठी ते विमा विकत. ऑपरेटर मात्र खरोखरच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होता. आणि मास्तर, म्हणजे मंडळीचे लेखक, शाळेत भूगोल शिकवीत आणि मुलांच्या वह्या तपासता तपासता मागच्या पानांवर नाटकं लिहीत.

पुरुषाने रंगमंचावर बाई होणं, हे काही मास्तरांनी शोधून काढलं नाही. एके काळी बाईला रंगमंचावर पाऊल ठेवू देत नसत, तेव्हा मिशा काढलेले पुरुषच नायिका होत आणि चांगल्या घरच्या बायका त्यांच्यासारखं चालायला शिकत. अंगावर बाईचे कपडे असले की सगळं माफ होतं. मास्तरांनी ठरवलं की आता टोप नको, पावडर नको. पुरुषाने पुरुषाच्याच कपड्यांत उभं राहायचं, दुसऱ्या पुरुषासमोर हात पुढे करायचा आणि म्हणायचं, चल माझ्याबरोबर. एवढ्याशा बदलाने पोलिसांना बोलवायची वेळ येईल असं सगळ्यांनाच वाटत होतं, म्हणून जाहिरात कधी केली नाही. सायकलींच्या गोदामावरचा हॉल घेतला होता. खाली दारात एक जण हातपंप घेऊन उभा असे. त्याला ‘मागच्या चाकात हवा कमी आहे’ असं सांगितलं की तो जिन्याकडे बोट दाखवी. सायकल अर्थातच कुणाजवळ नसे. प्रयोग रविवारी दुपारी तीनला, कारण अर्ध्या प्रेक्षकांना संध्याकाळी बायकामुलांत परत जायचं असे.

मंडळीचं तिकिटाचं नाटक अकरा वर्षं चाललं. गाव सोडून चाललेला एक जण, त्याच्या हातात दोन तिकिटं, आणि दुसरा, जो जात नाही. जाणारे राजे आणि न जाणारा ऑपरेटर. दोन तासांच्या नाटकात ऑपरेटरला एका शब्दाची मदत लागत नसे. शहरातले दोनशे टेलिफोन नंबर तोंडपाठ असलेला माणूस तो. पण राजांनी हात पुढे केला की तो नेमका तिथेच अडायचा. पाच शब्द, तेही नकाराचे. कुजबुजे विंगेत स्टुलावर प्रत मांडीवर घेऊन बसलेले असत. एक, दोन, तीन, चार. मग त्यांना ते पाच शब्द पुढे सरकवावे लागत, तेव्हा कुठे तो म्हणायचा.

मंडळीत याची टिंगल व्हायची. राजांनी हात पुढे केला की ऑपरेटरची लाइन जाते, असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे. राजांना नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं, असंही एकदा कुणी म्हणालं. तेव्हा कुजबुजे हसले नाहीत, आणि ते हसले नाहीत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ऑपरेटर आणि कुजबुजे यांचं काय आहे ते मंडळीत सगळ्यांना माहीत असूनही कुणी बोलत नसे. ज्या हॉलमध्ये दोन पुरुषांचं प्रेम उघड दाखवत, तिथेही विंगेतल्या माणसाला कुणी विचारत नसे.

बाहेर तर प्रश्नच नव्हता. कुजबुज्यांचं घर म्हणजे खाली एक खोली, वर एक खोली. ऑपरेटर वरचा भाडेकरू. वरच्या खोलीत त्याच्या ट्रंका, मोडका पंखा आणि घडी करून ठेवलेली गादी, तिची घडी पस्तीस वर्षांत कधी मोडली नाही. दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ‘अरे’ आणि ‘ऐकलंस का’ या दोन हाकांवर त्यांनी पस्तीस वर्षांचा संसार निभावून नेला. बहिणीची मुलगी सुट्टीत राहायला यायची, ती ऑपरेटरला ‘वरचे मामा’ म्हणायची. मोठी झाल्यावर तिला सगळं कळलं, तरी तिने नाव बदललं नाही.

प्रयोग संपला की घरी जाताना कुजबुजे दहा पावलं पुढे चालत. घरी आल्यावर ताटं आपटत.

“अरे, वाढतोयस की भांडी फोडतोयस?” ऑपरेटर विचारायचा.

“तिथेच का अडतोस?”

“तू आहेस ना सांगायला.”

“आणि मी नसलो तर?”

“मग बघू,” असं म्हणून तो जेवायला बसायचा, आणि पोटभर जेवायचा, हे कुजबुज्यांच्या आणखीच डोक्यात जायचं. अपराधी माणसाला इतकी भूक लागते कशी, हे कोडं त्यांना अकरा वर्षांत सुटलं नाही. राजांचा हात त्यांना झोपेतसुद्धा दिसायचा. लांब बोटांचा, किंचित वर वळलेला, चांगला हात होता तो. तसा आपला नाही, हेही त्यांना माहीत होतं.

ऑपरेटर शेवटच्या आजारात रुग्णालयात गेला तेव्हा फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना होता. कुजबुज्यांनी पेन काढलं, बराच वेळ धरून ठेवलं आणि लिहिलं, घरमालक. शोकसभेत राजे बोलले. पांढरेशुभ्र कपडे, तोच खर्जातला आवाज, आणि मधोमध ते वाक्य, “माझ्यासमोर आला की तो सगळं विसरायचा.” लोकांनी डोळे पुसले. घरमालक चौथ्या रांगेत छत्री धरून बसले होते. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे ते गप्प राहिले, कारण उठून काय म्हणणार?

आता चष्मेवाली या सगळ्याचा इतिहास लिहीत होती. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका, यांतल्या कशातच न बसणारी माणसं, आणि त्यांनी कुठे कुठे लपून केलेली नाटकं. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर प्रदर्शन भरणार होतं. राजांची मुलाखत तिने आधीच घेतली होती, चांगली तीन दिवस. एका भिंतीवर माणसाच्या उंचीचा फोटो लागलाही होता, राजे हात पुढे करून उभे आणि समोर ऑपरेटर. खाली ओळ होती, ‘रंगमंचावरचं आणि रंगमंचाबाहेरचं प्रेम’. चष्मेवालीने कुजबुज्यांना ती ओळ तपासायला सांगितली. त्यांनी दोनदा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, म्हणून त्यांनी पेन उघडलं नाही.

चष्मेवालीबरोबर आवाजाचं काम बघणारी एक उंच मुलगी होती. पहिल्याच दिवशी चष्मेवालीने ओळख करून दिली, “ही माझी बायको,” आणि लगेच विचारलं, चहात साखर किती. कुजबुज्यांना त्या मुलींचाही हेवा वाटला. तीन शब्द, आणि त्यांच्यामागे कुणी विंगेत बसलेलं नाही.

म्हणून त्यांनी कुजबुज खोडायला लावली होती. राजांच्या हाताने ऑपरेटरची जीभ अडायची, याचा पुरावा होता तो. तो असा पेटीत घालून, दिवे लावून लोकांना दाखवायचा? एवढं तरी आपल्या हातात आहे, असं त्यांना वाटलं. फोटो राजांचा, मुलाखत राजांची, पण अडलेला ऑपरेटर तरी त्यांना मिळू द्यायचा नाही.

उद्घाटन सकाळी अकराला होतं. भाची रजा काढून आली होती. तिने मामांच्या शर्टाची कॉलर सरळ केली, खिशातलं लाल पेन काढायला सांगितलं आणि त्यांनी काढलं नाही. ग्रंथालयाच्या सात पायऱ्या चढून ते वर आले तेव्हा चष्मेवाली धावत आली आणि म्हणाली की राजे नऊ वाजताच आले आहेत, त्यांनी एकट्याने बसून टेप ऐकली आणि तेव्हापासून मागच्या व्हरांड्यात बसून आहेत. चहासुद्धा घेतला नाही.

राजे काठीवर दोन्ही हात ठेवून खुर्चीत बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण अजून बसायचा तो फोटो काढून घेतल्यासारखाच. त्यांनी भाचीकडे पाहून मान हलवली आणि कुजबुज्यांना शेजारच्या खुर्चीवर बसायची खूण केली. भाची आत गेली.

“कुजबुज कुठे गेली?” राजांनी विचारलं.

“काढली. मीच सांगितलं काढायला.”

“का?”

“चूक होती ती. चूक कशाला ठेवायची?”

“कुणाची चूक?”

“त्याची,” कुजबुजे म्हणाले, आणि चाळीस वर्षं दाताखाली धरलेलं वाक्य सुटलं. “तुम्ही समोर आलात की विसरायचा ना तो. सांगितलंत की सगळ्यांना शोकसभेत.”

राजांनी काठीची मूठ अंगठ्याने पुसली. बराच वेळ पुसली. मग त्यांनी विचारलं, “तुझी ही भाची जन्मली तेव्हा तू बहिणीकडे जाऊन राहिला होतास. आठवतंय?”

आठवत होतं. मेहुणा बोटीवर होता, बहीण बाळंतपणात अडली होती, आणि कुजबुजे तीन आठवडे तिच्या उशाशी होते. त्यांच्या आयुष्यात तेवढेच तीन प्रयोग चुकले.

“तुझ्या जागी मास्तर बसले होते प्रत घेऊन,” राजे म्हणाले. “तीन रविवार. तिन्ही वेळा मी हात पुढे केला, आणि तिन्ही वेळा त्याने फाडकन तोंडावर मारलं, नको, माझं घर इथे आहे. मध्ये श्वास घेतला नाही. मास्तरांचं बोटसुद्धा त्या ओळीवर पोचलं नव्हतं. चौथ्या रविवारी तू आलास, आणि झाले परत चार सेकंद सुरू.”

कुजबुज्यांचा हात खिशातल्या लाल पेनावर गेला.

“तो विसरत नव्हता रे. तुझ्या तोंडून ऐकायचं असायचं त्याला. माझ्या खांद्यावरून तुझ्याकडे बघत उभा राहायचा आणि मी मध्ये, हात पुढे करून. अकरा वर्षं. हाताला कळ लागायची माझ्या.”

“मग सांगितलं नाहीत ते?”

“का म्हणून सांगू?” राजे म्हणाले. “लोक म्हणायचे, राजा समोर आला की तो विसरतो. तेवढंच होतं माझ्याकडे त्याचं. मीही तसंच म्हणायला लागलो, आणि म्हणता म्हणता मला खरं वाटायला लागलं. या पोरीलाही तेच सांगितलं. आज टेप ऐकली, तर तुझा आवाज नाही. नुसता तो थांबलाय, आणि समोर मी आहे. जन्मभर हेच हवं होतं मला. आता मिळालं, आणि ऐकवेना.”

आतून चष्मेवालीने हाक मारली. राजे काठी टेकत उठले आणि कुजबुज्यांची वाट न बघता निघून गेले.

कुजबुजे खुर्चीतच बसून राहिले. आनंद झाला, हे खरं. इतका झाला की त्यांना तो लाजेसारखा वाटला. आणि त्या आनंदात एक अगदी क्षुद्र भाग होता, तो लपवण्यात अर्थ नाही. जळायचं काम आपण एकट्यानेच केलं, असं त्यांना आजवर वाटत होतं, आणि इकडे राजे, तो लांब बोटांचा हात, ते सिंहासन, सगळं त्यांच्यावर जळत होतं. हे त्यांना गोड लागलं. पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण त्यांना टेपवरची ती कुजबुज आठवली. तो आवाज चिडका होता. गणित चुकणाऱ्या पोराला उत्तर सांगावं तसा, तोडून, घाईघाईने म्हटलेला. दर रविवारी तो माणूस शंभर लोकांसमोर उभा राहून वाट बघायचा, आणि दर रविवारी आपण त्याला हे असं सांगितलं. मग दहा पावलं पुढे चाललो, मग ताटं आपटली. तो मात्र पोटभर जेवायचा. आता त्यांना कळलं, का जेवायचा.

आत खुर्च्या भरल्या होत्या. भाचीने मामांसाठी दुसऱ्या रांगेत जागा धरली होती. पहिल्या रांगेत राजे. भाषणं झाली, चष्मेवाली बोलली आणि मग दिवे मंद करून टेप लावली. भिंतीवर तो फोटो आणि हॉलभर आवाज. राजे म्हणाले, “हे दुसरं तिकीट. चल माझ्याबरोबर.”

कुजबुज्यांनी नकळत पाठ ताठ केली, मान पुढे काढली, उजव्या हाताची बोटं मांडीवर नसलेल्या प्रतीच्या ओळीवर टेकवली.

एक.

शब्द ओठांवर होते. नुसते सरकवायचे होते, आणि या वेळी हळू, नीट.

दोन.

पण पहिली रांग हाताच्या अंतरावर होती. पहिल्या रांगेला ऐकू गेलं असतं.

तीन. चार.

कुणी काही म्हणालं नाही. ऑपरेटर थांबला, आणखी थोडा थांबला, आणि मग कुणी सांगत नाही असं बघून स्वतःच म्हणाला, “नको. माझं घर इथे आहे.”

मागे एक बाई शेजारणीला म्हणाली की काय पॉज घेतलाय, आजकालच्या नटांना जमायचा नाही. टाळ्या पडल्या. राजांनी वळून पाहिलं नाही, पण त्यांची मान खाली गेलेली कुजबुज्यांना मागून दिसली. भाचीने मामांचा हात धरला, आणि तेव्हा कुठे त्यांना रुमाल लागले, दोन्ही.

गर्दी ओसरल्यावर ते चष्मेवालीकडे गेले आणि त्यांनी तो टाइप केलेला कागद मागितला. तिने पिशवीतून फाइल काढली. कागद तिथेच होता, लाल रेघेसकट. कुजबुज्यांनी तो टेबलावर सरळ केला, पेन उघडलं आणि खोडलेल्या शब्दांखाली टिंबं द्यायला सुरुवात केली. एका अक्षराखाली एक पुरतं, त्यांनी दाटीने दिली. या वेळी टिंबांची ओळ वाकडी झाली.

“म्हणजे परत घालायचं?” चष्मेवालीने विचारलं.

“आहे तसं. आवाज चांगला नाही तो, चिडलेला आहे. पण साफबिफ करू नको, आहे तसाच असू दे.”

ती म्हणाली की उद्या सकाळपर्यंत होईल. मग ती जरा घुटमळली. भिंतीवरच्या फोटोखालची ओळ आता काढतोय, म्हणाली, राजांनीच मघाशी तसं सांगितलं. पण मग कुजबुज कुणाची ते लिहायला हवं. नुसतं प्रॉम्प्टर लिहू का? म्हणजे, तुम्ही ऑपरेटरांचे कोण?

रकाना तोच होता. या वेळी कुजबुज्यांनी पेन धरून ठेवलं नाही.

“घरचा माणूस,” ते म्हणाले. “प्रॉम्प्टर, आणि घरचा माणूस.”

तिने लिहून घेतलं. त्यांनी ते उलटं असूनही वाचलं, माणूसमधला णू बरोबर आहे ना ते बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

बाहेर ऊन चढलं होतं. राजे सात पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभे होते, काठी एका हातात, आणि खाली उतरायची हिंमत होत नव्हती. त्यांचे गुडघे गेले होते, हे कुजबुज्यांना आज पहिल्यांदा दिसलं. भाची पुढे होणार होती, पण राजांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी कुजबुज्यांसमोर हात पुढे केला, तोच, लांब बोटांचा.

“धर जरा,” राजे म्हणाले.

कुजबुज्यांनी त्या हाताकडे बघितलं आणि मनातल्या मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग त्यांनी तो हात धरला आणि दोघं एकेक पायरी उतरू लागले.